नंबर लागला, पण कुठे?



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरोघरी दहावी-बारावीच्या निकालाची चर्चा असेल. म्हणून या महिन्यात अभ्यासाबद्दल काही लिहीत नाही. गेल्या वर्षी माझ्याच एका विद्यार्थिनीच्या प्रवेशाचे काय झाले ते सांगते. तिची आणि तिच्या अब्बांची परवानगी घेतली आहे. दोघेही म्हणाले, "आपा, जरूर लिहा, पण नाव नको."

मी पालीत राहते आणि नववी-दहावीला उर्दू व मराठी शिकवते. बिंदुसरा धरणाचे आमचे गाव बीडपासून तसे जवळच. त्यामुळे दहावीनंतर आमच्या मुलामुलींची नजर बीडच्या कॉलेजांवर असते. ही मुलगीही तशीच. अब्बा बीडच्या मोंढ्यात हमाली करतात, अम्मी घरी शिवणकाम करते. १३ मे २०२५ रोजी निकाल लागला, मुलीला ८४ टक्के पडले. अम्मीने खीर पाठवली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "खूब पढो" म्हटले आणि माझे काम संपले, असे समजून चुकले.

जून संपता संपता एका संध्याकाळी तिचे अब्बा दारात उभे. हातात कॅरीबॅग, बॅगेत सगळे कागद.

"आपा, नंबर तो लग गया. पर छोकरी रोते बैठी है."

नंबर लागला होता तो जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका कॉलेजात. तिथे ना नातेवाईक, ना ओळखीचे कोणी, ना मुलींचे वसतिगृह. मी विचारले, "हे नाव पहिल्या क्रमांकावर कुणी टाकलं?" ते म्हणाले, फॉर्म भरणाऱ्या दुकानात गर्दी होती. दुकानदाराने विचारले, कोणते कॉलेज? हे म्हणाले, "कोई भी अच्छा सा डाल दो." त्याने टाकून दिले.

मी माहितीपुस्तिका उघडली. नियम स्पष्ट होता. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांमधून नाव बाद होते, आणि थेट शेवटच्या, सर्वांसाठी खुल्या फेरीतच पुन्हा संधी मिळते.

तसेच झाले. एकेक फेरी गेली. तिच्यापेक्षा कमी गुणांच्या मैत्रिणी बीडच्या कॉलेजात जाऊ लागल्या. खुल्या फेरीत तिचा नंबर आला तेव्हा तिला हवी होती त्या कॉलेजांतल्या अनुदानित विज्ञान तुकड्या भरल्या होत्या. स्वयंअर्थसहाय्यित तुकडीत जागा होती, पण तिथली फी हमालाच्या घराला झेपणारी नव्हती. मुलीला नर्सिंगला जायचे होते. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत जीवशास्त्र लागते. तिने कला शाखेत प्रवेश घेतला.

अब्बांनी मला विचारले, "आपा, गलती किसकी?" मी दुकानदाराचे नाव घेऊ शकले असते. पण दहा महिने ती मुलगी माझ्या वर्गात होती आणि पसंतीक्रम म्हणजे काय, हे मी एकदाही फळ्यावर लिहिले नव्हते. धडे शिकवले, व्याकरण शिकवले, अर्ज कसा लिहावा हेसुद्धा शिकवले. आयुष्यातला पहिला खरा अर्ज कसा भरावा, ते शिकवले नाही. म्हणून हा लेख.

फॉर्म कुणाच्या मोबाईलवरून?

पूर्वी अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा शहरी भागांपुरती होती. आपण कॉलेजात जायचो, फॉर्म घ्यायचो, यादीत नाव बघायचो. २०२५-२६ पासून ती संपूर्ण राज्याला लागू झाली. खेड्यातल्या पालकांसाठी हा मोठा बदल आहे आणि पुष्कळांना तो अजून नीट समजलेला नाही.

या फॉर्मचे दोन भाग असतात. पहिल्या भागात नाव, गुण, प्रवर्ग ही माहिती, दुसऱ्या भागात कॉलेजांचा पसंतीक्रम. पहिला भाग दुकानात भरून घ्यायला हरकत नाही, पण मोबाईल नंबर तुमच्या घरातला द्या. गेल्या वर्षी त्या मुलीच्या फॉर्मवर नंबर दुकानाचा होता, पासवर्डही दुकानाकडे. नंबर लागल्याचा मेसेज दुकानाच्या फोनवर आला आणि अब्बांना दोन दिवसांनी कळले. प्रवेश निश्चित करायला मोजके दिवस मिळतात, त्यातले दोन असे गेले. लॉगिन आणि पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. फॉर्म भरून झाला की त्याची प्रिंट घ्या आणि घरी येऊन मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. चूक सापडली तर मुदत असेपर्यंत दुरुस्त करता येते.

पसंतीक्रम घरी ठरवा

अकरावीला जास्तीत जास्त दहा कॉलेजे भरता येतात. दुकानात जाण्याआधी ती एका कागदावर लिहून काढा, आणि लिहिताना मुलगा किंवा मुलगी, अम्मी आणि अब्बा तिघेही बसा. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा. शाखा आणि माध्यम कोणते? तुकडी अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित? जायचे कशाने? मागच्या वर्षी शेवटचा नंबर किती टक्क्यांना लागला?

मग क्रम लावा. सर्वांत जास्त हवे ते कॉलेज पहिले, मग दुसरे. पहिल्या जागेवर असे नाव हवे की तिथे नंबर लागला तर दुसऱ्या दिवशी सकाळी घरातून निघायची तयारी आहे. आणि जिथे जायचेच नाही ते नाव यादीत टाकूच नका, "भरलं तर बिघडलं कुठं" म्हणूनही नको. दुसरी चूक उलटी असते. गुण कमी आहेत म्हणून घाबरून नको असलेले सोपे कॉलेज पहिले टाकतात. ते मिळते आणि पुढची वाट तिथेच बंद होते. आवडीचे वर ठेवल्याने खालच्या कॉलेजातला तुमचा हक्क कमी होत नाही.

अल्पसंख्याक संस्थांच्या कॉलेजांत आपल्या समाजासाठी राखीव कोटा असतो. बीडमध्ये मिल्लिया महाविद्यालय आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. कोट्याची प्रक्रिया नियमित फेरीपेक्षा वेगळी असते आणि कोट्यातून प्रवेश निश्चित केला की नियमित फेऱ्यांतून नाव निघते. म्हणून दोन्ही वाटा माहीत करून घ्या आणि मगच एक धरा.

शिवाय दहावीनंतर अकरावी हीच एक वाट नाही. बीडच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा आहे, आय.टी.आय. आहे. त्यांचे फॉर्म वेगळे, संकेतस्थळे वेगळी, तारखाही वेगळ्या. दहावीच्या गुणांवर तिथे प्रवेश मिळतो. अकरावीचा फॉर्म भरला म्हणजे तिकडचाही भरला गेला, असे कृपया समजू नका.

शेख आधी की शेख शेवटी?

दर वर्षी माझ्या वर्गात निम्म्या मुलांच्या कागदांवर नावे जुळत नाहीत. शाळेच्या दाखल्यावर शेख सुरुवातीला, आधार कार्डावर शेवटी. इंग्रजीत एका कागदावर 'शेख'चे स्पेलिंग एक, दुसऱ्यावर दुसरे. अब्बांचे नाव रेशन कार्डावर अर्धे, बँकेच्या पासबुकात पूर्ण. अम्मीच्या नावापुढे कुठे 'बी', कुठे 'बेगम', कुठे काहीच नाही. घरात आपल्याला ठाऊक असते की ही एकच व्यक्ती आहे. संगणकाला ते ठाऊक नसते. शिष्यवृत्तीचा अर्ज इथेच अडकतो.

दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरला जाईपर्यंत शाळेच्या पातळीवर दुरुस्ती सोपी असते. शाळा सोडली की तीच दुरुस्ती फार अवघड होते. म्हणून नववीतच मुलाचा दाखल-खारिज रजिस्टरमधला उतारा मागून घ्या आणि आधार कार्डाशेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. बोर्डाची प्री-लिस्ट शाळेत येते तेव्हा मुलाला ती नीट वाचायला सांगा. आम्हा शिक्षकांनाही माझी विनंती आहे, घाईत सह्या घेऊ नका.

आजोबांचा उर्दू दाखला

पालक मला हमखास विचारतात, "मुस्लिम आरक्षण आहे ना?" उत्तर सरळ देते. २०१४ साली राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांसाठी ५ टक्के आरक्षण दिले होते. उच्च न्यायालयाने त्यातला नोकऱ्यांचा भाग थांबवला, शिक्षणाचा राहू दिला. पण अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि वर्षाअखेर तो संपला. म्हणून फॉर्मवर 'मुस्लिम' असा प्रवर्ग शोधू नका.

मात्र आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. बागवान, तांबोळी, अत्तार, मन्यार, पिंजारी, मोमीन, कुरेशी ही त्यातली काही नावे. छप्परबंद विमुक्त जातींत येतात. हा हक्क धर्मावर नाही, परंपरागत व्यवसायावरून ओळखल्या जाणाऱ्या मागास समूहाला आहे. आपल्या शेजारच्या जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे चळवळ केली, दिलीपकुमार साहेबांनी तिला साथ दिली आणि १९९४ साली राज्य शासनाचा निर्णय आला. इतक्या मेहनतीने मिळालेली गोष्ट एका कागदावाचून आपल्या हातून जाते, याचे वाईट वाटते.

तो कागद का मिळत नाही? कारण शाळेत घालताना जातीच्या रकान्यात आपण 'मुसलमान' एवढेच लिहितो. ओबीसी जात प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. म्हणजे दादा-परदादांचा दाखला, खरेदीखत, महसुली नोंद.

इथे मराठवाड्याची गोष्ट वेगळी आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि कारभाराची भाषा उर्दू होती. जुने कागद उर्दूत असतात, त्यांवर सन फसली असतो. दोन वर्षांपूर्वी पिंजारी बिरादरीतला एक मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या वडिलांच्या दाखल्यावर फक्त 'मुसलमान'. मी म्हटले, दादा शाळेत गेले होते का? गेले होते, बीडमध्ये. शाळेत जाऊन जुने रजिस्टर काढायला लावले. कागद पिवळा पडलेला, शाई फिकट. सन १३५६ फसली, म्हणजे १९४६-४७ च्या सुमाराचे साल. दादांचे नाव, त्यांच्या वालिदांचे नाव, आणि कौमच्या रकान्यात स्पष्ट अक्षरांत 'पिंजारी'. मी ते वाचून दाखवले तेव्हा मुलगा त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिला. त्याला उर्दू वाचता येत नव्हते. पुढे त्या उताऱ्याची साक्षांकित प्रत आणि मराठी भाषांतर जोडून त्याचे प्रमाणपत्र निघाले.

म्हणून विनंती आहे, घरातले जुने उर्दू कागद "कुणाला वाचता येतंय आता" म्हणून रद्दीत घालू नका. उर्दू शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकाकडे घेऊन जा. आम्ही आनंदाने वाचून देऊ.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे काम संपत नाही. नॉन-क्रिमिलेअर वेगळे काढावे लागते आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. ते प्रवेशाच्या पुढच्या मार्चपर्यंत चालणारे आहे ना, हे बघा. बारावीनंतर इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकलसाठी जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते, ज्याला आपण व्हॅलिडिटी म्हणतो. त्याला महिने लागू शकतात. मूल अकरावी-बारावी विज्ञानला असतानाच कॉलेजचे पत्र घेऊन जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज करा. वडील, चुलते किंवा दादा यांपैकी कुणाकडे व्हॅलिडिटी असेल तर तिची प्रत जोडा, फार उपयोग होतो.

ज्यांची बिरादरी कोणत्याही आरक्षणाच्या यादीत नाही आणि कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी ई.डब्ल्यू.एस. आहे. आपल्यातली पुष्कळ सय्यद, पठाण, शेख घरे यात बसतात, पण अर्जच करत नाहीत. हे प्रमाणपत्र तहसीलदारांकडून मिळते. राज्याचा नमुना वेगळा, केंद्राचा वेगळा, हे लक्षात असू द्या.

फीच्या भीतीने थांबू नका

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ई.डब्ल्यू.एस., ओबीसी आणि एस.ई.बी.सी. प्रवर्गातल्या, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पूर्वी निम्मी होती. खाजगी विनाअनुदानित कॉलेजांतही हा लाभ मिळतो. खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे मात्र यात येत नाहीत.

एक अट फार महत्त्वाची आहे. प्रवेश शासनाच्या कॅप राउंडमधून झालेला हवा. "कशाला राउंडची कटकट, मॅनेजमेंटमधून सीट करून देतो" असे कुणी म्हणाले आणि तुम्ही हो म्हटले, तर त्या क्षणी मुलीची फीमाफी गेली. चार वर्षांची फी अंगावर येते. सीट करून देणारा ते सांगत नाही.

फीमाफीसाठी महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो. मुलीच्या स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते दहावीच्या सुट्टीतच उघडून ठेवा.

आता सर्वांत जास्त ऐकू येणारी गोष्ट. "आपा, रोज बीडला मुलगी कशी पाठवायची?" ही काळजी खरी आहे, मी तिला हसत नाही. पण खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत आहे. त्यापुढे महिलांना एसटीचे निम्मे तिकीट आहेच. गावातल्या चार मुली एकाच कॉलेजात, एकाच वेळेच्या बसने जात असतील तर अम्मीचा जीव निम्मा शांत होतो. पसंतीक्रम लिहायला बसाल तेव्हा शेजारच्या घरालाही बोलवा.

अम्मींना एक काम

हे सगळे कागद सांभाळण्याचे काम मी अम्मींकडे देते, कारण घरात जपून ठेवलेली गोष्ट कुठे आहे ते त्यांनाच माहीत असते. एक फाईल आणा. त्यात मुलाचा शाळेचा उतारा, आधार, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर किंवा ई.डब्ल्यू.एस., बँक पासबुक आणि चार फोटो ठेवा. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. मूळ कागद दुकानात किंवा कॉलेजात ठेवून येऊ नका. द्यावेच लागले तर पोच घ्या. प्रवेशाचे नियम आणि तारखा दर वर्षी थोड्या बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका शाळेतून मागून घ्या. ती मराठीत असते. समजली नाही तर शिक्षकाला विचारा. विचारायला लाजू नका, आम्हालाही ती दोनदा वाचावी लागते.

या फेब्रुवारीत मी शाळेत दहावीच्या पालकांना बोलावले. फळ्यावर दहा रकाने आखले आणि प्रत्येकाकडून कागदावर पसंतीक्रम लिहून घेतला. मदतीला गेल्या वर्षीची ती मुलगी आली होती. आता ती बारावी कला शाखेत जाईल. बी.ए. करून बी.एड. करायचे म्हणते. चांगली शिक्षिका होईल, इन्शाअल्लाह. पण नर्सिंगचे नाव निघाले की ती अजूनही विषय बदलते, हेही मी पाहते.

त्या दिवशी एक अब्बा उठून म्हणाले, "हमको कॉलेज का क्या मालूम, कोई भी अच्छा सा लिख दो." मी काही बोलण्याआधी ती मुलगी त्यांच्यापाशी गेली, कागद त्यांच्या लेकीसमोर सरकवला आणि म्हणाली, "चाचा, इसको पूछो. जाना इसको है."